छतावरचं पाणी, वुजूचं पाणी

(लातूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



2016 च्या उन्हाळ्यात तुमच्यापैकी बरेच जण शाळेत असाल. मिरजेहून रेल्वेनं आपल्या लातूरला पाणी आलं होतं. त्याआधी पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावावी लागली होती. आमच्या गल्लीत टँकरचा हॉर्न वाजला की अम्मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून घागर घेऊन पळायची. त्याच वर्षी पुढे मुसळधार पाऊस झाला आणि आमच्या पत्र्यावरचं सगळं पाणी गटारीत गेलं. मी दारात उभा राहून बघत होतो.

हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पाचशे चौरस फुटांचं छत म्हणजे साधारण 46 चौरस मीटर. मोसमात 600 मिलिमीटर पाऊस धरा, आपल्याकडे सरासरी त्याहून जास्तच पडतो. उडालेलं, सांडलेलं वजा केलं तरी बावीस हजार लिटर हाती लागतं. दोनशे लिटरचे 110 ड्रम! एवढे ड्रम कुणाकडेच नसतात. पण ते एका दिवसात भरायचे नाहीत. दोन ड्रम भरले, वापरले, पुन्हा भरले. जास्तीचं शोषखड्ड्यात.

मी पहिल्या वर्षी पन्हळीचा पाइप थेट हौदात सोडला. छतावर कबुतरं बसतात, हे लक्षातच नव्हतं. आठ दिवसांत पाण्याला वास सुटला, सगळं उपसून टाकावं लागलं आणि अब्बांची बोलणी खाल्ली ती वेगळीच. आता उतरत्या पाइपला टी लावून एक उभा पाइप जोडलाय, खाली एंड कॅप. पहिल्या पावसाची घाण त्यात अडकते, तो भरला की मागचं स्वच्छ पाणी पुढे जातं. पाऊस थांबला की कॅप उघडून तो रिकामा करायचा. ड्रमला झाकण हवं आणि तोंडाला बारीक जाळी, नाहीतर डेंग्यूचे डास आपणच पाळू. हे पाणी धुण्याभांड्याला वापरा, पिण्यासाठी नाही.

आता वुजूचं पाणी. घरातल्या सांडपाण्यात सर्वांत स्वच्छ तेच, साबण नाही की तेल नाही. मी नळाखाली टब ठेवून मोजलं, नळ सुरू ठेवून केलेल्या एका वुजूला पाच लिटर गेले. हदीसमध्ये प्रेषितांच्या (स.) वुजूला एक मुद्द पाणी लागत असे, असं येतं. मुद्द म्हणजे लिटरहूनही कमी. वाहत्या नदीकाठीही उधळपट्टी नको, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ऐकताना नळ मात्र चालूच असतो!

एक प्रश्न हमखास येतो, हे पाणी नापाक तर नाही ना? नाही. हनफी उलेमांच्या मते त्यानं पुन्हा वुजू होत नाही, पण पाणी पाक आहे. झाडांना घाला, अंगण धुवा, संडासात ओता. आमच्या घरी दिवसाला बारा वुजू होतात, म्हणजे साठ लिटर. पेरूचं झाड त्यावरच वाढलंय.

तांदूळ-भाजी धुतलेलं पाणीही झाडांना चालतं. कपड्यांचं साबणाचं पाणी संडासाला ठेवा. आरओ मशीनमधून बाहेर जाणाऱ्या पाण्यात क्षार जास्त असतात, ते फरशी पुसायला बरं, रोज कुंडीत घालू नका. तेलकट खरकटं पाणी या भानगडीत आणूच नका. आणि कुठलंही वापरलेलं पाणी त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी घाण वास येतो. मग घरच्या बायका म्हणतात, बंद कर तुझा प्रयोग, आणि त्यांचं बरोबर असतं. घागर त्यांनीच वाहिलेली असते, तेव्हा निदान बादली उचलायचं काम पोरांनी करावं.

सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे सांडपाणी बोअरमध्ये सोडणं. कितीही सोपं वाटलं तरी करू नका. छताचं पाणीसुद्धा आधी खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळूनच बोअरला द्यायचं. शेकडो फूट खाली घाण गेली, तर ती उपसायला कुणी येणार नाही. शेजारचाही बोअर त्याच पाण्यावर असतो.

येत्या रविवारी असरनंतर आमच्या घरी या, पाइप खोलून दाखवतो. येताना छताची लांबी-रुंदी मोजून आणा. आणि एंड कॅप आत्ताच घेऊन ठेवा, पहिला पाऊस पडला की दुकानात मिळत नाही.