प्रकार म्हणजे वचन



पाच आंबे आणि पाच रुपये मिळून किती, असे गुरुजींनी विचारले तर तिसरीतले पोरही हसेल. आकडे जुळतात, जाती जुळत नाहीत. संगणकाला मात्र हे हसू आपोआप येत नाही. त्याच्या पोटात सारे शून्य आणि एकच. कोणता आकडा आंब्यांचा नि कोणता रुपयांचा, हे त्याला कळावे म्हणून जी जात ठरवावी लागते, तिलाच ‘प्रकार’ म्हणतात. आज आम्ही तिच्याविषयी चार शब्द बोलणार आहोत.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. तर्कशास्त्रातील विरोधाभास टाळण्यासाठी बर्ट्रांड रसेल यांनी १९०८ साली प्रकारांची उपपत्ती मांडली. पुढे १९७८ साली एडिंबरोच्या रॉबिन मिल्नर यांनी, लिहिणाऱ्याने न सांगताही प्रकार हुडकून काढण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच परंपरेतली हॅस्केल ही भाषा १९९० साली प्रथम प्रसिद्ध झाली. हॅस्केल करी या अमेरिकी तर्कशास्त्रज्ञाचे नाव तिला दिले आहे. तिच्यातील आज्ञावली म्हणजे फलनांची गुंफण. फलन एक वस्तू घेते आणि दुसरी देते. काय घेणार आणि काय देणार, हे त्याचा प्रकार सांगतो.

नवशिक्याला प्रथम हा जाच वाटतो. ‘येथे अंक हवा, तुम्ही मजकूर दिला,’ म्हणून कंपायलर आज्ञावली परत करतो. एकदा तो गप्प बसला की नवशिका दुसऱ्या टोकाला जातो. त्याला वाटते, आता सारे निर्दोष!

येथेच खरी शिकवण आहे. हॅस्केलमध्ये ‘हेड’ नावाचे एक फलन आहे. यादी द्या, पहिली वस्तू घ्या, एवढेच त्याचे काम. प्रकार अगदी साधा: अंकांची यादी दिली तर अंक मिळेल. पण यादी रिकामी असली तर? पहिला अंक आणायचा कोठून? अशी आज्ञावली कंपायलरच्या हातून सुटते आणि चालता चालता मध्येच कोलमडते. दोष कंपायलरचा नव्हे. जे पाळता येणार नाही, असे वचन त्या प्रकाराने दिले होते.

यावर उपाय प्रकारातच आहे. ‘अंक देईन’ असे न म्हणता ‘अंक देईन, किंवा काही नाही असे सांगेन,’ असे म्हणावे. हॅस्केलमध्ये या प्रकाराला ‘मेबी’ म्हणतात. मग मिळालेली वस्तू थेट बेरजेत घालता येत नाही, कंपायलर अडवतो. काही नसेल तर काय करायचे, हे घेणाऱ्याला आधीच ठरवावे लागते. रुग्णाच्या नोंदीत औषधाची मात्रा लिहिलेलीच नसेल, तर ती शून्य समजावी की डॉक्टरांना विचारावे? हा प्रश्न आज्ञावली लिहिताना उठलेला बरा, की रुग्णाच्या खाटेपाशी?

प्रकार सर्वज्ञ नाहीत. बेरजेच्या जागी वजाबाकी केली तर दोन्हींचा प्रकार एकच, आणि कंपायलर काही बोलणार नाही. खरेखोटे माणसानेच पारखायचे. पण नवशिक्याने एवढे जरूर शिकावे: कंपायलरला गप्प करणे म्हणजे प्रकार शिकणे नव्हे. जेवढे पाळता येईल तेवढेच वचन द्यावे, आणि ते स्पष्ट शब्दांत द्यावे. व्यवहारातही याहून वेगळे शहाणपण आम्हांला ठाऊक नाही.