रिकामी थैली जपून ठेवा

ग्राहक संमेलन, जठारपेठ, अकोला : स्वागताध्यक्षीय भाषण



ग्राहकांच्या संमेलनाला दुकानदाराला स्वागताध्यक्ष करायचं, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांच्या धाडसाचं मला कौतुक वाटतं. माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषध विकतो. ग्राहक आयोगाच्या कागदांत माझ्यासारख्याचं नाव बहुधा 'विरुद्ध पक्ष क्रमांक दोन' असं येतं. क्रमांक एक कंपनी. निमंत्रण आलं तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला, "तुम्हाला सत्काराला बोलावलं की उलटतपासणीला?" मी म्हटलं, दोन्ही असेल तर एकाच हेलपाट्यात होईल.

जठारपेठ ही नोकरदारांची, मास्तरांची, बँकवाल्यांची वस्ती. सातव चौकातल्या कुठल्याही घरात फ्रिजचं वॉरंटी कार्ड, विम्याची पॉलिसी, पोराच्या क्लासच्या फीची पावती नीट फायलीत लावलेली सापडेल. इथल्या माणसाला तक्रार करता येते. पण यातल्या निम्म्या घरांचं गावाकडे वावर आहे, आणि त्या वावरात पेरलेल्या बियाण्याचं बिल मात्र त्या फायलीत नसतं. आज मला बोलायचं आहे ते या न ठेवलेल्या बिलाबद्दल.

जगातल्या ग्राहक हक्कांची कथा आपण दर 15 मार्चला ऐकतो, म्हणून ती लवकर आटोपतो. 1962 साली त्या तारखेला राष्ट्राध्यक्ष केनेडींनी अमेरिकी काँग्रेसला संदेश पाठवला आणि चार हक्क मांडले : सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि आपलं म्हणणं ऐकलं जाण्याचा. 1983 पासून तो दिवस जगभर पाळला जाऊ लागला. 1985 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. आपला पहिला ग्राहक संरक्षण कायदा 24 डिसेंबर 1986 चा. पण महाराष्ट्र कायद्यासाठी थांबला नव्हता. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली ती 1974 मध्ये, आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहून घरोघरच्या गटांना महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करून देऊ लागली.

ही चळवळ शहरात वाढली, यात तिचा दोष नाही. साखर, तेल, रॉकेल, गॅस हे तिचे प्रश्न होते. तिच्या नजरेत कास्तकार म्हणजे पिकवणारा आणि विकणारा. तो घेणारासुद्धा आहे, हे ध्यानात यायला फार काळ गेला. वर्षातून एकदा तो कापूस विकतो, तूर विकतो. आणि घेतो किती वेळा? बियाणं, डीएपी, युरिया, तणनाशक, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्या, मोटार, पीकविमा. माझ्या काउंटरसमोर उभा असलेला माणूस हा वऱ्हाडातला सगळ्यात मोठा ग्राहक आहे, आणि सगळ्यात कमी कागद त्याच्याजवळ असतो.

बियाणं कंपन्यांचं म्हणणं असायचं की शेतकरी हा ग्राहकच नाही. तो माल पिकवून विकतो, म्हणजे बियाणं व्यापारी कामासाठी घेतो. शिवाय बियाण्यांचा 1966 चा वेगळा कायदा आहे, तिकडे जा. आंध्रातल्या शेतकऱ्यांच्या प्रकरणात, नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये हे दोन्ही मुद्दे फेटाळले. त्या निकालातला तिसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटतो. 1986 च्या ग्राहक कायद्यात वस्तूचा दोष प्रयोगशाळेत तपासून घ्यायची तरतूद होती. कंपनी म्हणाली, शेतकऱ्याने नमुना तपासायला दिलाच नाही. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं : शेतकरी सगळं बियाणं पेरतो, नमुन्यासाठी मागे ठेवत नाही, आणि त्याने ते ठेवावं अशी अपेक्षाही करता येत नाही. त्या लॉटचा नमुना कंपनीकडे असतो, तो तिने का नाही आणला?

फ्रिज बिघडला तर फ्रिज घरात उभा असतो. बियाणं बिघडलं तर ते मातीत गेलेलं असतं. मिरग साधून पेरलं, आठ-दहा दिवस वाट पाहिली, कोंब दिसला नाही, तर माणूस तक्रार लिहीत बसत नाही. ओल आहे तोवर दुबार पेरणीच्या धावपळीला लागतो. वखर फिरला की पुरावा संपला. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून मराठवाडा-विदर्भातून तक्रारींचा लोट आला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. आणि हे अशा प्रदेशात, जिथे महाबीजचं मुख्यालय अकोल्यात, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ अकोल्यात! बियाण्याबद्दल सांगणारी माणसं आपल्या शहरात आहेत, पण वावरातल्या माणसाला तक्रार कोणाकडे, किती दिवसांत द्यायची ते कोणी सांगितलेलं नाही.

म्हणून दुकानदार म्हणून मीच सांगतो. पक्कं बिल घ्या, त्यावर वाण आणि लॉट नंबर आहे का ते काउंटरवरच बघा. उधारीवर घेतलं तरी बिल तुमचा हक्क आहे. थैली वरून फाडू नका, खालून उघडा, म्हणजे टॅग शाबूत राहतो. मूठभर बी थैलीतच राहू द्या. उगवलं नाही तर दुबार पेरणीच्या आधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि तक्रार निवारण समितीकडून पंचनामा करून घ्या. मग ग्राहक आयोग. 2019 च्या नव्या ग्राहक कायद्याने, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी हैदराबादची असो की जालन्याची, तिने अकोल्यात यावं. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची. (वकिलांवरून आठवलं : डॉक्टरांची सेवा 1995 च्या निकालाने ग्राहक कायद्यात आली, वकिलांची 2024 च्या निकालाने बाहेर राहिली. व्यासपीठावरच्या वकीलसाहेबांनी हसायला हरकत नाही, डॉक्टरसाहेबांनी मात्र नंतर बोलावं.)

आता आमच्या बाजूच्या दोन गोष्टी. पहिली लिंकिंग. डीएपीची टंचाई झाली की एका पोत्याबरोबर भलतीच बाटली गळ्यात मारतात. कृषी विभाग दर हंगामात तंबी देतो, तरी ते चालतं, कारण ते वरून सुरू होतं. कंपनी आम्हाला लिंक करते, आम्ही कास्तकाराला. केनेडींनी मांडलेला निवडीचा हक्क मोडण्याची ही आपली देशी पद्धत. याबद्दल सगळा दोष काउंटरवर लोटला जातो, ते मला मान्य नाही. पण काउंटर निर्दोष आहे असंही मी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट चोर बीटीची. जून 2019 मध्ये आपल्याच अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी परवानगी नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी जाहीरपणे पेरली. तंत्रज्ञान निवडायचा हक्क आमचा, असं त्यांचं म्हणणं. त्यावर इथे दोन्ही बाजूंनी बोललं जाईल आणि जावं. माझा मुद्दा एवढाच की जे पाकीट रात्री, बिलाशिवाय, कोणा अनोळख्याच्या गाडीतून येतं, ते घेणाऱ्याला ऐकून घेणारं कोणीच उरत नाही. पऱ्हाटी फसली तर तो कोणत्या तोंडाने कोणाकडे जाईल? बंदीमुळे बियाणं थांबलं नाही, फक्त बिल थांबलं.

सुरक्षिततेच्या हक्काबद्दल बोलताना यवतमाळ टाळता येत नाही. 2017 च्या पावसाळ्यात तिथे फवारणीतल्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती; फवारा समोर मारला की तोंडावरच येत होता. औषधाच्या डब्यावर धोका सांगणारा रंगीत त्रिकोण असतो, आत बारीक अक्षरातलं घडीचं पत्रक असतं, आणि फवारणारा मजूर तो डबा बऱ्याचदा बघतही नाही, कारण औषध मालक आणतो, पंपात भरूनच त्याच्या पाठीवर देतो. आपल्या कायद्याच्या व्याख्येत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहक ठरतो. ही ओळ त्या मजुराला कोणी वाचून दाखवली आहे का?

तेव्हा चर्चेत आलेल्या औषधांपैकी डायफेन्थियुरॉनला स्वित्झर्लंडच्या स्वतःच्या शेतात परवानगी उरलेली नव्हती, पण तिथून ते बाहेर पाठवायला मोकळीक होती. 2020 मध्ये यवतमाळची कुटुंबं स्वित्झर्लंडपर्यंत तक्रार घेऊन गेली. ते बनवणाऱ्या कंपनीने जबाबदारी नाकारली. त्याच वर्षी स्विस सरकारने या औषधासह पाच कीटकनाशकं-तणनाशकांची निर्यात बंद करायचं ठरवलं. 2021 च्या पहिल्या दिवसापासून ती बंदी आली. ग्राहकाच्या हक्काला देशाची सीमा असू नये असं आपण ठरावात लिहितो. यवतमाळच्या विधवांनी ते पासपोर्टशिवाय करून दाखवलं.

या संमेलनाकडून मला जे हवं आहे ते ठरावाच्या मसुद्यात दिलंच आहे. बियाण्याच्या वादात लॉटचा नमुना आणि नोंदी हजर करण्याची जबाबदारी कंपनीची आणि आम्हा विक्रेत्यांची असावी, कास्तकाराची नसावी. नियमाप्रमाणे विकलेल्या प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षं ठेवावीच लागते. म्हणजे कागद आमच्याकडे आहे, तो फक्त मागायचा आहे. माझ्या दुकानापुरतं सांगतो : या खरिपापासून प्रत्येक बिलाच्या तळाशी मोठ्या अक्षरात छापणार आहे, 'थैली आणि टॅग पीक निघेपर्यंत जपून ठेवा'. एका विक्रेत्या मित्राने विचारलं, "स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच्या खर्चाने छापतोस?" छापतो. चांगला माल विकणाऱ्याला त्या थैलीची भीती कशाला?

दुपारच्या सत्रात कृषी केंद्रवाले मंडळी पहिल्या रांगेत बसणार आहेत, मी मुद्दाम तसं ठरवलं आहे. त्यांना सोडू नका, मलाही नाही. जेवणात वांग्याचं भरीत, भाकर आणि ठेचा आहे. आणि स्वयंपाकाचं पक्कं बिल घेतलं आहे, ज्यांना बघायचं त्यांनी कार्यालयात बघावं.

उद्घाटकांना विनंती करतो की त्यांनी दीपप्रज्वलन करावं.