सही केली म्हणजे हक्क सोडला असं नव्हे

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, आपल्या खटाव तालुक्यात प्यायच्या पाण्याचे वांधे, आणि ही बाई समुद्राच्या तळाच्या गोष्टी सांगतेय. पण आता गटाच्या सहली मालवण, तारकर्लीला जातात. पोरंसोरं तर जातातच. म्हणून ऐका.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाच्या चौदा जणी मालवणला गेलो. तिथं स्कूबा डायव्हिंग करतात. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि शिकवणारा माणूस धरून पाण्याखाली नेतो. आमच्यातल्या सहा जणी तयार झाल्या. किनाऱ्यावर एक इंग्रजी कागद पुढं आला. "इथं सही करा, सगळेच करतात." केली. पैसे रोख दिले. पावती कुणीच मागितली नाही.

पाण्यात खाली गेल्यावर आमच्या एका वहिनींचा कान ठणकायला लागला. खाली जाताना पाण्याचा दाब कानावर येतो. नाक दाबून हवा कानाकडं ढकलली तर तो सुटतो. नाही सुटला तर लगेच थोडं वर यावं लागतं. वहिनींनी शिकवल्याप्रमाणे हाताची खूण केली. पण तो माणूस दुसरीचा व्हिडिओ काढत होता. त्याचं लक्ष जाईपर्यंत उशीर झाला. वर आल्या तेव्हा कानातून रक्त. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय. पुढं महिना-दीड महिना त्या कानानं नीट ऐकू येत नव्हतं.

आम्ही त्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, "कागदावर सही केलीय ना?" आणि आम्ही चौदा जणी गप्प बसून गाडीत बसलो.

घरी आल्यावर वडूजच्या कोर्टातल्या एका वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "समुद्रात धोका असतो हे तुम्ही मान्य केलं, एवढाच त्या सहीचा अर्थ. त्यानं लक्ष न देण्याला तुम्ही परवानगी दिली, असा नाही." मैत्रिणींनो, आजच्या बोलण्याचं सार हेच आहे. लाट अंगावर आली, तो समुद्राचा धोका. पण टाकी तपासली नाही, एका माणसाकडं जास्त जणी दिल्या, खूण केली तरी बघितलं नाही, हा निष्काळजीपणा. सही घेतली म्हणून त्याची जबाबदारी आपोआप संपत नाही.

याचं एक मोठं उदाहरण आहे. २००६ साली केरळात कोवळमला, तिथल्या पर्यटन विकास महामंडळाच्या हॉटेलात, एक पर्यटक पोहण्याच्या तलावात बुडाला. त्याच्या पत्नीनं राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडं दाद मागितली. तेव्हा समोर आलं की तलावावरच्या जीवरक्षकाला दारूच्या बारचंही काम दिलेलं होतं. आयोगानं साडेबासष्ट लाख रुपये भरपाई ठरवली, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. म्हणजे जीव सांभाळायला ठेवलेल्या माणसाला दुसरं काम देणं, ही सेवेतली कसूर. आमच्या व्हिडिओवाल्याची आठवण झाली की नाही?

धोका फक्त पाण्याखाली नसतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. दोन जण गेले. म्हणून बोटीत चढल्यापासून उतरेपर्यंत लाईफ जॅकेट अंगात हवं. आपल्याकडं पोर विहिरीत पोहायला शिकतं तेव्हा पाठीचा डबा आपण काठावर येईस्तोवर सोडतो का? तसंच हे.

आता कायद्याचे दोन रस्ते समजून घ्या. पहिला पोलिसांचा. निष्काळजीपणानं जीव गेला तर गुन्हा दाखल होतो, आणि आताच्या भारतीय न्याय संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. दुसरा रस्ता भरपाईचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं, अपघात मालवणला झाला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याच्या ग्राहक आयोगात करता येते. दोन वर्षांच्या आत करायची. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाईन १९१५. आणि वकील हवाच असेल, तर बाईला तिचं उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्याचा नंबर १५१००.

मग आमच्या वहिनींनी तक्रार का केली नाही? कारण हातात काहीच नव्हतं. पावती नाही, सही केलेल्या कागदाचा फोटो नाही, त्या दिवशी तिथल्या डॉक्टरला दाखवलं नाही. हक्क होता, पुरावा नव्हता.

म्हणून जाण्याआधी विचारा: तुमची पर्यटन विभागाकडं नोंदणी आहे का? एका माणसाकडं किती जणी? कागद मराठीत वाचून दाखवा म्हणा. मोबाईलवर त्याचा फोटो काढा. पैसे फोनवरून द्या, पावती घ्या. काही झालंच तर त्याच दिवशी दवाखाना, आणि त्याचे कागद जपा.

आणि आपणही खरं सांगायचं. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं, पोटात बाळ, हे लपवून पाण्यात उतरलो तर जिवाला धोका, आणि उद्या दावाही लंगडा पडतो.

शेवटचं. हा कायदा फक्त मालवणवाल्यांना नाही. आपल्यातल्या कितीतरी गट हुरडा पार्टी घेतात, शहरातली माणसं पैसे देऊन शेतावर येतात. त्यांचं लेकरू आपल्या उघड्या विहिरीत पडलं, तर "आम्ही पाटी लावली होती" एवढं म्हणून सुटका नाही. या हंगामाआधी विहिरीला कठडा घाला, आणि एका बाईला लक्ष ठेवायचं काम द्या. फक्त तेवढंच काम. तिच्या हातात भाकरीची परात देऊ नका.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.