फॉरवर्डचा बाण गायब कसा होतो?

आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या फोनमध्येच आहे. कावड मंडळ, गणपती मंडळ, शिवजयंती समिती, यांचे व्हॉट्सॲप ग्रुप. वर्षभर फक्त वाढदिवसाला जागे होतात आणि श्रावण लागला की फोन गरम करून टाकतात, ते.

आता काहून बोलायचं यावर? अकोल्यात 13 मे 2023 ला जुन्या शहरात दंगल झाली. निमित्त होतं एका इन्स्टाग्राम पोस्टचं. दगडफेक, जाळपोळ, एक माणूस जिवानिशी गेला, जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. त्याच्या दीड वर्ष आधी अमरावतीत. 12 नोव्हेंबर 2021 ला त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाचा मोर्चा, 13 ला त्याच्या विरोधात बंद, दोन्ही दिवस दुकानांवर दगड, मग संचारबंदी आणि नेट बंद. खोटे फोटो फिरताहेत असं त्रिपुरा पोलिसांनी ऑक्टोबरातच सांगितलं होतं. पण पोलिसांचा खुलासा खूप वेळा फॉरवर्ड झालेला मी तरी कधी पाहिला नाही.

आणि नेट बंद झालं की आग लावणाऱ्याचं काही जात नाही, बरं का. चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड मुका होतो. फॉर्म भरायची शेवटची तारीख असलेलं पोट्टं सायबर कॅफेच्या बंद शटरसमोर उभं राहतं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. अफवा मोबाईलवरून पसरलेली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. एप्रिल 2020 पासून दोन बाणांचा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. मेसेज कुलूपबंद असतो, आत काय आहे ते कंपनीला वाचता येत नाही. मग बाण कसा लागतो? मेसेजसोबत एक छोटा आकडा फिरतो, प्रत्येक फॉरवर्डला तो वाढतो. एवढंच.

पण कोणी स्क्रीनशॉट काढला, किंवा व्हिडिओ गॅलरीत सेव्ह करून पुन्हा अपलोड केला, तर ती नवी फाईल झाली. आकडा पुन्हा शून्य, बाण गायब! हजार हात फिरून आलेली गोष्ट ग्रुपवर अशी दिसते, जणू आपल्या पिंट्याने आत्ताच चौकात उभं राहून शूट केली. म्हणून बाण नाही म्हणजे खरं, असं समजू नका. पिंट्यालाच विचारा, "तू सोता काढला का बे?" व्हिडिओतली एक फ्रेम गूगल लेन्समध्ये टाका. जुना किंवा दुसऱ्या गावचा असला, तर बरेचदा तिथेच कळतं.

ॲडमिन लोकांना वेगळीच भीती असते, की दुसऱ्याच्या पोस्टसाठी आपण आत जाऊ. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलं, की समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसत नसेल तर सदस्याच्या मेसेजसाठी फक्त ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. म्हणून निवांत झोपायचं असं नाही. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी कावड गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराकडे येते. त्या रात्री ग्रुपवर पाण्याचा टँकर कुठे आहे, कोणाचं लेकरू हरवलं, हेच कामाचं. तेवढ्या रात्रीपुरतं 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' हे सेटिंग लावा. आणि एक ॲडमिन असा ठेवा, ज्याच्या खांद्यावर कावड नाही. खांद्यावर कावड असलेला माणूस फोन कधी पाहणार, सांगा!

चुकीचं टाकणारे बहुतेक वेळा मंडळातले मोठे दादाच असतात. त्यांना ग्रुपवर टोकलं की ते अडून बसतात, मग दोन्हीकडून अंगठे आणि ज्वाळांच्या इमोजी सुरू. सरळ फोन लावायचा, "दादा, तो व्हिडिओ जुना हाय, काढून टाका नं." तरी नाहीच ऐकलं, तर ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो.