अतलस

(केंद्राच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

गेल्या वर्षी एका अभ्यासभेटीसाठी मी कझाकस्तानातल्या अल्माटी शहरात गेले होते. तिथे उइघुर लोकांची मोठी वस्ती आहे. १९६२ साली चीनच्या शिनजियांग प्रांतातून हजारो लोक सीमा ओलांडून कझाकस्तानात आले. त्यांतल्याच एका आजीने मला जेवायला बोलावलं होतं. तिचं नाव मी सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

जेवण झाल्यावर आजीने पेटीतून रेशमी झगा काढला. काळ्यावर पिवळी, लाल, हिरवी उभी नक्षी, आणि प्रत्येक रंगाची कड पाण्यात विरघळल्यासारखी. "एतलेस," आजी म्हणाली. मी चमकलेच. अतलस! आपल्या जुन्या मराठीतही रेशमी कापडाला हाच शब्द आहे.

हे कापड खोतानचं. त्यावरची नक्षी छापलेली नसते. विणण्याआधीच ताण्याचे उभे धागे ठरावीक जागी घट्ट बांधून रंगात बुडवतात. बांधलेल्या जागी रंग शिरत नाही. दुसऱ्या रंगासाठी पुन्हा बांधायचं, पुन्हा बुडवायचं. मागावर धागे जरासे सरकतात, म्हणून कड धूसर दिसते. आपल्याकडे पोचमपल्लीत हीच रीत आहे. पाटणच्या पटोळ्यात तर ताणा आणि बाणा दोन्ही असे रंगवतात.

आजी बोट ठेवून सांगत होती, हा कंगवा, हा बदाम, हे वाद्य. नात आमच्यासाठी इंग्रजीत सांगत होती. तिच्या डोक्यावर दोप्पा होती, म्हणजे बायकांनी भरतकाम केलेली चौकोनी टोपी. तिच्यावरचा बदाम थेट आपल्या पैठणीवरच्या कोयरीसारखा!

मी हरखून विचारलं, "असं कापड आता कुठे मिळेल? काय भाव?"

आजी गप्प झाली. मग नातीने सांगितलं, "खोतानहून आजीची बहीण पाठवायची. २०१७ पासून तिचा फोन लागत नाही."

मैत्रिणींनो, मी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली बाई. समोरच्या बाईचं आधी ऐकावं, हे दहा वर्षं इतरांना शिकवते आहे. आणि मी भाव विचारत होते.

त्याच २०१७ साली शिनजियांगमध्ये 'अतिरेकीपणा' रोखण्याचे नियम लागू झाले. चेहरा झाकणारा बुरखा आणि 'अनैसर्गिक' दाढी यांवर बंदी आली. लाखो माणसं छावण्यांमध्ये डांबली गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने अहवाल दिला. तिथले अत्याचार मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असं त्यात म्हटलं आहे. कुटुंबनियोजनाच्या सक्तीतून बायकांच्या प्रजनन हक्कांवर घाला आल्याचाही त्यात उल्लेख आहे. चीन सरकारने हा अहवाल फेटाळला. पण त्याच प्रांताच्या पर्यटनाच्या जाहिरातींत अतलस घालून नाचणाऱ्या हसऱ्या मुली मात्र असतात!

आपल्यापैकी कित्येकींना बुरखा पटत नाही. मलाही नाही. पण पोलीस पाठवून काढायला लावलेला बुरखा म्हणजे मुक्ती नव्हे. बाईने काय घालावं हे सासरा ठरवतो, जातपंचायत ठरवते, तेव्हा आपण भांडतो. सरकार ठरवतं तेव्हा गप्प का बसायचं? एक कापड जाहिरातीला चालतं, दुसरं गुन्हा ठरतं. दोन्ही वेळा त्या बाईला कुणी विचारलेलं नसतं.

राहिले दावूत हे नाव लक्षात ठेवा. उइघुर लोकपरंपरांचा, दर्ग्यांचा, यात्रांचा अभ्यास करणाऱ्या या प्राध्यापिका डिसेंबर २०१७ मध्ये नाहीशा झाल्या. त्यांना जन्मठेप झाल्याचं २०२३ साली उघड झालं. लोकांच्या आठवणी गोळा करणारी बाईच तुरुंगात गेली!

आजीचं नाव मी का सांगत नाही, ते आता कळलं असेल. तिची बहीण अजून तिकडे आहे.

निघताना आजीने झगा नीट घडी करून पेटीत ठेवला. बहीण येईल तेव्हा दाखवायचा आहे, म्हणाली. आपण हातमागाच्या प्रदर्शनांना आवडीने जातो. जरूर जाऊ या. पण भाव विचारण्याआधी विणणारणीची चौकशी करू या. ती कुठे आहे, कशी आहे, तिला मोकळेपणी बोलता येतं का? मला त्या दिवशी हे सुचलं नाही. तुम्हाला सुचावं, म्हणून सांगितलं.