छर्ऱ्याची बंदूक आणि आपली पोरं
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला कांस्यपदक मिळवलं, आणि मेढ्याहून मला फोन सुरू झाले. "पोराला एअरगन घेऊ का?" मी मुलांना नेमबाजी शिकवतो म्हणून विचारता. आज सगळ्यांना एकदमच सांगतो.

स्वप्नीलची ती रायफल काडतुसाची. शिकणारी मुलं मात्र दहा मीटरवर एअर रायफलनेच सुरुवात करतात. तिच्यात दारू नसते. यात्रेत फुगे फोडायला आपण जी बंदूक घ्यायचो, तिची नळी मोडली की आतली स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, समोरची हवा आवळली जाते आणि छर्रा बाहेर! स्पर्धेच्या रायफलीत आता स्प्रिंगऐवजी सुमारे २०० बार दाबाच्या हवेचं सिलिंडर असतं. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, शिशाचा, जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. पण वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका केवढा, तर अर्ध्या मिलिमीटरचा.

दारू नाही म्हणून लोक तिला खेळणं समजतात. मला भीती वाटते ती इथेच. त्या अर्ध्या ग्रॅमने डोळा कायमचा जातो. दगडावर, पत्र्यावर मारला तर छर्रा उलटून येतो, म्हणून लक्ष्यामागे मातीचा ढीग हवा आणि डोळ्यांवर चष्मा हवा. बंदूक रिकामी आहे असं कुणीही सांगो, अगदी गुरुजींनी सांगितलं तरी (सर, माफ करा), स्वतः उघडून बघायची. नळी माणसाकडे कधीच वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. नळी मोडलेली असताना चापाला धक्का लागला तर ती झटक्यात मिटते, बोटं सापडतात. छर्रे हाताळल्यावर हात धुवायचे, शिसं पोटात जायला नको.

आता शेताचं. वानरं पिकाची नासाडी करतात, हे मीही बघतो. पण छर्ऱ्याने वानर मरत नाही, छर्रा आत रुततो आणि जखम चिघळत राहते. शिवाय वानर काय, मोर काय, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. "फक्त हाकलायला" म्हणून घेतलेली बंदूक ओसरीवर लटकते आणि सुट्टीत नातवाच्या हाती लागते. बंदूक कुलपात, छर्रे दुसऱ्या कपाटात, हे जमणार नसेल तर घेऊच नका.

पोराला खरंच आवड असेल, तर आधी पुण्याला किंवा कोल्हापूरला रेंजवर सहा महिने शिकू द्या, तिथलीच रायफल वापरू द्या. त्यानंतरही हट्ट टिकला, तर घ्या.