पावती कुणाच्या हाती?

आमच्या हातकणंगले तालुक्यातल्या कुठल्याही दूध संस्थेत पहाटे गेलात, तर एक साधा व्यवहार दिसेल. उत्पादक किटली पुढे करतो, दुधाचे माप होते, फॅट लागते आणि छोटीशी पावती हातात पडते. सभासद क्रमांक, तारीख, सकाळ की संध्याकाळ, म्हैस की गाय, लिटर, फॅट, दर. एवढ्यात त्या घरची सकाळ मावते. महिनाभराच्या पावत्या ओळीने लावल्या, तर कुणाची म्हैस आटत चालली आहे हे सचिवाला गोठ्यात न जाता कळेल.

मोबाइलमधली ॲप हेच करतात. त्यांच्या भाषेत या पावतीला ‘इव्हेंट’ म्हणतात. ॲप उघडले, एक पावती. बटण दाबले, दुसरी. अर्धे पान वाचून मागे फिरलात, तिसरी. कोणी, काय, किती वाजता, कुठल्या फोनवरून, असे सगळे तीत असते. लोक कुठे अडतात हे कळावे म्हणून कंपन्या या पावत्या जमवतात, आणि त्यात गैर काही नाही. पुढे त्या पावत्या ‘डेटा वेअरहाउस’ नावाच्या गोदामात जातात. तिथे पैशाचा हिशेब, तक्रारी, जाहिराती यांच्या नोंदी आधीच येऊन पडलेल्या असतात. एकटी पावती मुकी असते, दुसरीशेजारी ठेवली की बोलू लागते.

हे गोदाम ‘क्लाउड’मध्ये असते म्हणतात. ढग हा खरे तर आम्हा कवींचा शब्द, पण या लोकांनी तो फारच हवेत नेला. हा ढग जमिनीवरच असतो, वीज खातो आणि त्याला कुलूपही असते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी केंद्रे सुरू केली.

आपल्या भागाला ही गोष्ट नवी नाही. वारणानगर परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांना संगणकाने जोडण्याची ती योजना होती. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसेमेसवर तेच काम करून पाहिले. उसाची नोंद मध्यवर्ती संगणकात असे, पण माझा ऊस किती गेला हे शेतकरी आपल्याच गावात विचारू शके. नोंद गावातून जाई आणि गावात परतही येई. मला या प्रकल्पातले हे परत येणे सर्वांत मोलाचे वाटते.

परत न येणाऱ्या नोंदीचे काय होते, त्याचे एक उदाहरण माझ्या समाजाला फार लागले. नमाजाच्या वेळा सूर्यावर ठरतात. नागपूरला सूर्य आमच्याआधी मावळतो, तिथल्या वेळेवर इथे रोजा सोडता येत नाही. म्हणून नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे ॲप आधी तुमचे ठिकाण विचारते. ते रास्तच आहे. असेच ‘मुस्लिम प्रो’ नावाचे ॲप जगभरात नऊ कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतले गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी वृत्तस्थळाने उघड केले, की या ॲपमधून लोकांची ठिकाणे ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होती. ही कंपनी अशी माहिती विकत असे आणि तिच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बातमी येताच ॲपवाल्यांनी संबंध तोडल्याचे जाहीर केले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्या कंपनीवर संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास बंदी घालणारी कारवाई केली.

कुणी म्हणेल, लपवण्यासारखे काय आहे? काहीच नाही. मशिदीत मी उजेडी जातो, सारे गाव बघते. पण गावाने बघणे वेगळे आणि सातासमुद्रापार कुणीतरी माझ्या सजद्याची जागा विकत घेणे वेगळे. गावाला मी ओळखतो. त्या गिऱ्हाइकाचे नावही मला ठाऊक नसते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे आणि ती कुणाकुणाला दिलीत, हे विचारण्याचा हक्क त्यात आहे. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि हक्काची ही कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करायची असे ठरले. दुधाची पावती त्याच पहाटे मिळते, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

तोवर थोडे आपल्या हातात आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ठिकाणाची परवानगी बंद करता येते, किंवा ॲप उघडे असेल तेवढ्यापुरती देता येते. नमाजाच्या बऱ्याच ॲपमध्ये शहराचे नाव हाताने निवडायची सोय असते. आमच्या घरच्या फोनांवर ‘कोल्हापूर’ निवडले आहे. किब्ला तर घर बांधतानाच ठरला होता.